साखर चोवीस

गूगल शीटला मी नाव दिलं होतं ‘निवांत रविवार’, आणि त्यात पहाटे साडेपाचपासून रात्री नऊपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ओळी पाडल्या होत्या. रूममेटनं ती शीट उघडली, खालपर्यंत स्क्रोल केली आणि म्हणाली, “हे निवांत आहे? हे तर आपलं स्प्रिंट प्लॅनिंग आहे.”

खरं तर मला घाईची ट्रिप नकोच होती. काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या टीमबरोबर नाशिकला गेले होते, एका दिवसात तीन वाइनरी. पहिल्या ठिकाणी आम्ही ग्लास फिरवून वास घेत होतो, दुसऱ्या ठिकाणी फोटो काढत होतो आणि तिसरी कुठली होती हे मला आजही फोनमधल्या लोकेशनवरून बघावं लागतं. तेव्हाच ठरवलं होतं की पुन्हा जायचं तर एकाच ठिकाणी. पोटभर नाश्ता करून जायचं, परफ्यूम लावायचं नाही (वाइनचा वासच कळत नाही), प्रत्येक ग्लासनंतर पाणी प्यायचं आणि गाडी चालवायला न पिणारा माणूस घ्यायचा. टेस्टिंगला एका वाइनचे जेमतेम तीसेक मिलिलिटर ओततात. पाच-सहा वाइन मिळून एक ग्लासभर होतात. एवढ्याशासाठी अख्खा दिवस काढायचा, यातच खरी मजा.

“पण नाशिक कशाला?” रूममेटनं विचारलं. “तू तासगावची ना? तुमच्याकडे एवढी द्राक्षं. मग वाइनरी असेलच की.”

मी पटकन म्हणाले, “नाही गं, आमच्याकडे फक्त बेदाणा.”

हे खोटं होतं. आमच्या घरापासून वीसेक किलोमीटरवर पलूस आहे आणि पलूसला वाइन पार्क आहे. २००१ साली महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली आणि एमआयडीसीनं दोन वाइन पार्क काढले. एक नाशिक जिल्ह्यात विंचूरला, दुसरं सांगली जिल्ह्यात पलूसला. दुसऱ्याचं नाव ‘कृष्णा व्हॅली वाइन पार्क’. नाव वाचून कॅलिफोर्नियात गेल्यासारखं वाटतं. नाशिकचं पुढे काय झालं ते इन्स्टाग्रामवर रोज दिसतं. पलूसचं सहसा कोणाच्या स्टोरीत दिसत नाही.

मी रूममेटला खोटं का सांगितलं, ते नंतर सांगते. आधी ट्रिप.

नकाशावर बघितलं तर आमच्या बाजूनं जाता येईल अशी वाइनरी सापडली ती माळशिरस तालुक्यात मोटेवाडीला, ‘फ्रातेल्ली’. जिल्हा सोलापूर, पण आमच्याकडून रस्ता जातो तो विट्यावरून सातारा जिल्ह्यात शिरून, मायणी, म्हसवड करत, मग पिलीववरून पुढे. जायला तीन तासांच्या वर. म्हणजे शनिवारी रात्री सगळ्यांनी पुण्याहून आमच्या घरी यायचं, आईच्या हातचं जेवायचं आणि रविवारी पहाटे निघायचं. आम्ही तिघं: मी, रूममेट आणि ऑफिसातला एक मित्र, मूळचा नागपूरचा, ज्याला द्राक्षाची बाग म्हणजे काय हे बघायचंच होतं.

तारीख ठरवताना मी पहिली चूक केली. जानेवारीच्या शेवटचा रविवार धरला. हंगाम सुरू असतो, थंडी असते, बागेत माल असतो. सगळ्यांच्या सुट्ट्यांचं जुळलं, शीट हिरवी झाली, आणि मग नागपूरकरानं विचारलं, “२६ जानेवारीला ड्राय डे नसतो का?” त्या वर्षी, म्हणजे २०२५ला, प्रजासत्ताक दिन रविवारीच आला होता. तीन इंजिनिअर, आणि एवढी साधी गोष्ट टेस्टिंगच्या टप्प्यावर सापडली! मग २ फेब्रुवारी ठरली. ८ तारखेचा शनिवार धरायचा विचार होता, पण त्या दिवशी एकादशी होती, आणि तोपर्यंत एकादशी मोजावी लागेल असा माणूस आमच्या शीटमध्ये आला होता.

झालं असं की ड्रायव्हर सापडत नव्हता. भाड्याची गाडी महाग पडत होती, आणि तिघांपैकी एकानं न पिता गाडी चालवायची यावर दोन दिवस ग्रुपवर सगळे गप्प होते. अशातच आप्पांचा फोन आला. माझ्या तोंडून निघून गेलं की अशी-अशी ट्रिप आहे, गाडीला माणूस नाही.

“कसली ट्रिप?”

“वाइनरी बघायला. माळशिरसकडं.”

“बघायला?”

“चव घ्यायला पण.”

“तू बी घेणार?”

“थोडी. चव म्हणून.”

तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मागं मोटारीचा आवाज येत होता, म्हणजे विहिरीवर असणार. माझ्या गळ्याला कोरड पडली होती. आप्पा माळकरी. घरात अंडं शिजत नाही. मी पुण्यात काय खाते-पिते हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आमच्याकडच्या बऱ्याच पोरींचा घराशी असाच अबोल करार असतो.

“मग गाडी मी चालवतो की,” आप्पा म्हणाले. “बोलेरो हाय. मी काय पीत न्हाई.”

आईला हे अजिबात पटलं नाही. त्यामागं कारण होतं. गावातलं दारूचं दुकान बंद व्हावं म्हणून बायकांनी मतदान मागितलं होतं, तेव्हा आई घरोघर फिरली होती. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: या मतदानाच्या चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. निम्म्यापेक्षा जास्त मतदार बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान जातं. आईनं त्या काळात चुलत्याशी भांडण घेतलं होतं. आता तिचाच नवरा तिच्याच लेकीला दारू प्यायला घेऊन निघाला होता. मी म्हणाले, “अगं, वाइन आहे ती.” आई म्हणाली, “त्ये तुमच्या पुण्यात.” २०२२च्या जानेवारीत सरकारनं मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, मग विरोध झाला आणि ते अडकलं, तेव्हाही टीव्हीसमोर आईचं वाक्य हेच होतं.

आता ते खोटं.

२००५ साली आप्पांनी एक एकर बागेत वाइनची द्राक्षं लावली. आधी डॉगरीजचा खुंट, त्यावर शिराझचं कलम. एका वाइन कंपनीशी करार केला. किलोला २५ रुपये आणि माल बागेतून उचलणार. त्यांना ते फार आवडलं होतं. खायच्या द्राक्षाला मणी मोठा व्हावा म्हणून जीएच्या द्रावणात घड बुडवा, विरळणी करा, मण्यावर डाग पडला की व्यापारी दर पाडतो. वाइनच्या द्राक्षाला यातलं काही नको. मणी बारीक, साल जाड, आत बिया, आणि वेल मांडवावर न चढवता कुंपणासारख्या उभ्या तारांवर बांधायचे. एकरी माल निम्मा यायचा पण खर्चही कमी. फक्त साखर बघायची. खायच्या द्राक्षाला अठराच्या आसपास आली तरी चालतं, याला चोवीस हवी. आप्पांकडे रिफ्रॅक्टोमीटर होता. मण्याचा थेंब काचेवर पिळायचा, उजेडाकडं धरून डोळा लावायचा. मी शाळेतून आले की तो मला बघायला द्यायचे आणि आकडा मी वाचायचे.

कराराचे कागदही मीच वाचले होते. इंग्रजीत होते. घरात इंग्रजी येणारी मी एकटी, वय आठ. ओसरीवर बसून बोट फिरवत मी चार पानं मोठ्यानं वाचली, आप्पा, आजोबा आणि शेजारचे दोघे मांडी घालून ऐकत होते. अडले की स्पेलिंग वाचायचे. वाचून झाल्यावर आजोबांनी मला रुपया दिला आणि आप्पांनी सही केली.

२००७चा आणि २००८चा माल गेला, पैसे आले. मग २००८च्या शेवटी जगभर मंदी, त्यात मुंबईवर २६ नोव्हेंबरचा हल्ला, पर्यटक आटले, हॉटेलं ओस पडली, वाइन पडून राहिली. राज्यात सगळीकडंच तेव्हा वाइनच्या द्राक्षाचं असं झालं. नाशिककडंही लोकांनी बागा तोडल्या. पण हे मला आता माहीत आहे. तेव्हा एवढंच माहीत होतं की २००९च्या फेब्रुवारीत साखर चोवीस आली, आणि गाडी आली नाही. पंचवीस आली. सव्वीस आली. “पुढच्या आठवड्यात पाठवतो” असं फोनवर ऐकत आप्पा दिवस ढकलत होते. बाजारात ते द्राक्ष कोण घेणार? बियांमुळे बेदाणाही होत नाही. मणी वेलावरच सुकायला, फुटायला लागले, गांधीलमाश्या आल्या. संध्याकाळी वारा घराकडं वळला की सगळ्या घरात तो वास भरायचा. एप्रिलमध्ये आप्पांनी करवतीनं वेल कापले आणि त्याच खुंटांवर थॉमसनची कलमं केली. कंपनी नंतर बंदच पडली.

म्हणून आमच्याकडं वाइन हा शब्द निघत नाही. आणि म्हणून रूममेटला मी म्हणाले, फक्त बेदाणा.

ट्रिपच्या आदल्या रात्री मंडळी जेवून झोपल्यावर मी कपाटातून ती फाइल काढली. सोसायटीच्या पावत्यांच्या खाली होती. मी रोज क्लायंटची डॉक्युमेंटं वाचते. चार पानं वाचायला सहा मिनिटं लागली. दुसऱ्या पानावर होतं, कंपनी आपल्या गरजेनुसार माल घेईल. गरजेनुसार. दर लिहिला होता, किती माल घ्यायलाच हवा ते कुठं लिहिलं नव्हतं. हे वाक्य मी वाचलं होतं, मोठ्यानं, ओसरीवर.

सकाळी साडेपाचला निघालो. शीटप्रमाणं थेट विट्याचा रस्ता धरायचा होता. आप्पांनी तासगावबाहेर गाडी डावीकडं घातली. मी म्हणाले, “आप्पा, हा पलूसचा रस्ता.” ते म्हणाले, “व्हय. कुंडलवरनं जाऊ विट्याला. अंतर काय लई वाढत न्हाई.” शीटमध्ये मी अर्ध्या तासाचा बफर ठेवला होता, तो सूर्य उगवायच्या आत संपला.

वाइन पार्कच्या रस्त्याला आप्पांनी गाडी हळू केली, थांबवली नाही. गेटांना कुलपं असलेल्या शेड, वाळलेलं गवत, एका भिंतीवर पुसट झालेलं द्राक्षाच्या घडाचं चित्र. नागपूरकरानं विचारलं, “काका, इथं वाइन बनते?” आप्पा म्हणाले, “बनणार हुती.” मग गिअर टाकला.

विट्याच्या पुढं जमीन बदलते. कृष्णाकाठचा ऊस मागं पडतो, माळ सुरू होतो, बोरी-बाभळी, मेंढरं. मायणीच्या आसपास रूममेट झोपून गेली होती. म्हसवडला सिद्धनाथाच्या देवळाजवळ आप्पांनी गाडी लावली, दर्शन घेऊन आले, आम्हाला भजी-चहा खायला लावला. “रिकाम्या पोटी घेऊ नका,” असं ते भज्यांकडं बघत म्हणाले. शीटमध्ये हे वाक्य मी ठळक अक्षरात लिहिलं होतं; त्यांनी ती कधी बघितली नव्हती.

मोटेवाडीला पोचायला साडेदहा झाले. फ्रातेल्ली म्हणजे इटालियनमध्ये भाऊ. भावांच्या तीन जोड्यांनी मिळून ही वाइनरी काढली: इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. त्यांच्या सगळ्यात नावाजलेल्या वाइनचं नाव ‘सेत्ते’, म्हणजे सात. सहा भाऊ आणि सातवे त्यांचे इटालियन वाइनमेकर पिएरो मासी. हे सगळं मी गाडीत सांगितलं होतं. आप्पांना त्यातलं अकलूज तेवढं लक्षात राहिलं.

बाग दाखवायला एक तरुण मुलगा आला. आप्पा आमच्या मागं हात पाठीशी बांधून चालत होते. तारांवरच्या वेलांपाशी आल्यावर मात्र ते पुढं झाले. पान उलटं करून बघितलं, भुरी आहे का म्हणून. खोडाला हात लावला. मग एक मणी तोडून तोंडात टाकला, चावला, बिया तळहातावर काढून बघितल्या. बी तपकिरी झाली की माल तयार, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

“साखर किती आली?” त्यांनी विचारलं.

मुलानं आकडा सांगितला. आप्पांनी मान हलवली. मग छाटणी, खुंट, पाणी, असं दोघांचं बराच वेळ चाललं. आम्ही तिघं उन्हात उभे. नागपूरकर माझ्या कानात म्हणाला, “टूर कोण कोणाला देतंय?” शेवटी आप्पांनी तो प्रश्न विचारला ज्याची मी सकाळपासून वाट बघत होते.

“शेतकऱ्याला पैसे किती दिवसांत देता?”

“काका, द्राक्षं आमच्या स्वतःच्याच बागांतली आहेत.”

“मग बरं हाय,” आप्पा म्हणाले. “गाडीची वाट बघायला नको.”

टेस्टिंगच्या टेबलाला पाच खुर्च्या होत्या आणि आप्पा बाहेर कट्ट्यावर बसतो म्हणत होते. मीच त्यांना आत आणलं. त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास. आधी पांढऱ्या वाइन, मग लाल. उलटं केलं तर लाल वाइनच्या तुरटपणात पांढरीची चव हरवते. मुलगा समजावत होता: उजेडाकडं धरून रंग बघा, ग्लास फिरवा, नाक आत घाला, मग घोट, तोंडात घोळवा. गिळायचं नसेल तर शेजारच्या भांड्यात थुंका. थुंकायचं म्हटल्यावर आप्पांनी माझ्याकडं बघितलं, म्हणजे याचे पैसे देऊन थुंकणार? नजरेनंच.

पहिला घोट मी त्यांच्याकडं पाठ करून घेतला. सांगायला लाज वाटते, पण घेतला. अठ्ठावीस वर्षांची बाई, पगार आप्पांच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या पुढे, आणि खांदा आडवा घालून वाइन पिते आहे. दुसऱ्या ग्लासला मात्र सरळ बसले. काही झालं नाही. आप्पा खिडकीतून बाग बघत होते.

चौथी शिराझ होती. मुलानं नाव घेतलं तसे आप्पा वळले. माझा ग्लास त्यांनी स्वतःकडं ओढला, दांड्याला न धरता गडव्यासारखा पकडला, आणि नाकाशी नेला. फिरवला नाही. बराच वेळ वास घेतला. मग ग्लास माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “हाच की. तोच वास हाय.”

रूममेटनं कौतुकानं विचारलं, “काका, तुम्हाला कळला वास? मला तर काहीच कळत नाहीये.”

“आमच्या घरात आला हुता महिनाभर,” आप्पा म्हणाले.

मी तो ग्लास प्यायले. चांगली होती. मिऱ्यासारखी काहीतरी चव मागं राहत होती, आणि मला ती आवडली, आणि आवडली याचा रागही आला. टेस्टिंग नोट्स लिहायच्या म्हणून मी फोनवर एक पान उघडून ठेवलं होतं. चौथ्या ओळीपुढं ते कोरंच आहे.

परतताना मागची दोघं झोपली. पिलीवच्या पुढं मी फाइलचं बोलले. म्हणाले, “आप्पा, करार मीच वाचला होता. दुसऱ्या पानावर होतं, गरजेनुसार माल घेऊ. मला कळलं नाही तेव्हा.”

समोरून ऊसाचा ट्रॅक्टर येत होता, दोन ट्रॉल्या लावून. तो जाईपर्यंत त्यांनी गाडी कडेला दाबली.

“आठ वर्साची हुतीस,” ते म्हणाले. “मी काय अर्थ ऐकत हुतो व्हय? तू इंग्रजी वाचतीस हेच ऐकत हुतो.” मग थोड्या वेळानं, “सांगलीला वकिलाकडं न्यायला पायजे हुता कागद. दोनशे रुपय मागत हुता. ते वाचवले.”

यावर मला काही सुचलं नाही. शीटच्या हिशेबानं आम्ही तेव्हा घरी असायला हवं होतं, आणि अजून म्हसवडही आलं नव्हतं.

घरी पोचायला साडेनऊ झाले. मी एक बाटली आणली होती, शिराझच, बुचाची. लपवून पुण्याला न्यायची असं ठरवलं होतं, पण आप्पांनीच ती पिशवीतून काढून स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. आईनं आधी बाटलीकडं बघितलं, मग आप्पांच्या तोंडाकडं, वास घ्यायला जरा जवळही गेली.

“मी न्हाई घेतली,” आप्पा म्हणाले. “किलो-सव्वा किलो माल लागतो म्हणं एका बाटलीला.”

“आणि केवढ्याला दिली?”

मी किंमत सांगितली. आईनं पंचवीस रुपये किलोचा हिशेब मनात केला असणार, कारण तिनं बाटली उचलून पुन्हा एकदा नीट बघितली. मग बेदाण्याच्या डब्यांच्या रांगेत, मागच्या बाजूला, ती उभी केली.

“आई, उभी नको ठेवूस,” मी म्हणाले. “बूच वाळतं. ही बाटली आडवी ठेवायची असते.”

“आडवी?”

“आडवी.”

तिनं डबे सरकवून जागा केली.